सरोवराकाठचे नगर कोणासाठी?

रेल्वेस्थानकानजीक सरोवर, त्याच्या काठी घरे, कचेऱ्या आणि उपाहारगृहे. अशा ‘मिश्र वापराच्या’ नगरभागाचा आदर्श म्हणून जर्मनीतील डॉर्टमुंडच्या फीनिक्स सरोवराचे गोडवे नगररचनाकार गात असतात. सुमारे २४ हेक्टरांचे हे पाणी निसर्गदत्त नाही. ज्या जमिनीवर ते साचविले, ती एका पोलाद कारखान्याची होती.

हॉर्डे या भागात लोखंडाच्या धंद्याचा पाया १८४१ साली घातला गेला. पश्चिमेकडील झोतभट्ट्यांतले वितळलेले लोखंड खास लोहमार्गाने पूर्वेकडील पोलाद कारखान्यात जाई. त्या गाडीला लोक ‘आगीचा एलियास’ म्हणत. याच शहरातील हॉश कंपनीच्या कामगारांनी सप्टेंबर १९६९ मध्ये युनियनच्या पुढाऱ्यांची वाट न पाहता संप पुकारला. मागणी तासाला २० फेनिग वाढीची होती, पदरात ३० पाडून घेतले! १९९८ मध्ये भट्ट्या विझल्या, २००१ मध्ये पोलाद कारखाना बंद झाला. चिनी कंपनीने यंत्रसामग्री सुटी करून जहाजांतून नेली. ऑक्टोबर २०१० मध्ये खड्ड्यात पाणी सोडण्यास प्रारंभ झाला.

भांडवलाचे यात काय बुडाले? यंत्रे एका बाजारात विकली गेली, जमीन दुसऱ्या. बुडाले ते पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब आणि कामगारांची एकजूट.

एमशर नदी, जी दीर्घकाळ सांडपाण्याचा नाला होऊन राहिली होती, ती आता येथे मोकळी वाहते. तीरावरची वाट सर्वांना खुली आहे. हे चांगलेच झाले. ते नाकारणे हटवादीपणा ठरेल. पण वाट सर्वांची आणि तीरावरचा भूखंड पैसेवाल्याचा, ही या आराखड्यातील खरी मेख आहे. ‘मिश्र वापरा’त दुकान आणि कचेरी यांचे मिश्रण होते, वर्गांचे होत नाही.

बाजाराखेरीज असे नगर उभेच राहू शकत नाही, असा युक्तिवाद केला जातो. त्याचे उत्तर व्हिएन्नात आहे. तेथे जुन्या विमानतळावर, कृत्रिम तळ्याभोवती आस्पर्न नगर उभारले जात आहे. भुयारी रेल्वे तेथे २०१३ मध्ये पोहोचली, पहिले रहिवासी त्यानंतर, २०१४ मध्ये आले. घरांचा मोठा हिस्सा सार्वजनिक अनुदानातून बांधला गेला. व्हिएन्नात समाजवाद आलेला नाही. परंतु १९२३ मध्ये घरांवर चढता कर बसवून नगरपालिकेने कामगारांसाठी घरे बांधण्यास जो आरंभ केला, त्या लढ्याचा वारसा तेथे अद्याप पुरता मोडता आलेला नाही.

आपल्याकडे मात्र गिरणगावात उलटेच घडले. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि सार्वजनिक घरांसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.