जीर्णोद्धार की रंगरंगोटी?

पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात कॉम्प्रेसर म्हटले की हवा कोंबणारे यंत्रच डोळ्यांपुढे येते. आम्हांस बोलावयाचे आहे ते चढा आवाज आवरणाऱ्या, ध्वनिमुद्रणाच्या जुन्या व्हॉल्व्ह-कॉम्प्रेसरविषयी. कारण दुरुस्तीच्या मिषाने त्यांत 'सुधारणा' करण्याची हौस आमचे मते शुद्ध विध्वंस होय.

१९६०च्या दशकातला टेलेट्रॉनिक्सचा एलए-२ए घ्या. गवयाचा आवाज चढला की आतील प्रकाशपट्टी उजळते, समोरच्या घटकाचा विद्युत्-रोध उतरतो व आवाज आवरला जातो. सोडताना मात्र तो निम्मा झटकन सुटतो, उरलेला सेकंदच्या सेकंद रेंगाळतो. हे रेंगाळणे म्हणजेच त्या यंत्राचा स्वभाव. ते 'चपळ' करण्यासाठी प्रकाशघटक उपटून ट्रान्झिस्टर बसविणारा कारागीर आणि हेमाडपंती देवळाच्या काळ्या पाषाणास तैलरंग फासणारा पंच, यांत आम्हांस तिळमात्र भेद दिसत नाही.

मग काहीच बदलू नये काय? अवश्य बदलावे. वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जपणे ही निष्ठा नव्हे, जिवाशी खेळ आहे. केवळ अमेरिकेच्या ६० सायकलच्या विजेसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, व्होल्ट उतरवून दिले तरी, आपल्या ५० सायकलवर अधिक तापतोच. तो भोसरीतल्या एखाद्या जाणत्या हाताकडून नवा गुंडाळून घ्यावा. मात्र जुना भंगारात घालू नये. आणि काय काढले, काय घातले, हे वहीत टिपून ती वही यंत्रासोबतच पुढच्या धन्याच्या हाती द्यावी.