उघड्या दारांचं कौतुक

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चोऱ्यामाऱ्या नव्हत्या, लोक दारं सताड उघडी टाकून झोपायचे, पेडणे-डिचोलीच्या साध्या रयतेला त्या राजवटीचा काडीचाही त्रास नव्हता. त्रास झाला तो राजकारण करणाऱ्या मूठभरांना, असं एका गृहस्थांनी परवा एका समारंभात ठणकावून सांगितलं. टाळ्याही पडल्या.

राजकारण म्हणजे काय, ते आधी ठरवू. त्या काळी लग्नपत्रिका छापायची तरी मजकूर आधी सेन्सॉरकडे न्यावा लागे. कुलदेवतेच्या कृपेपासून मुहूर्ताच्या घटकेपर्यंत प्रत्येक ओळ सरकारी नजरेखालून जायची. मुलीचा बाप कसलं राजकारण करत होता? पेडण्याच्या सोयरिकी सीमेपलीकडच्या बांदा-सावंतवाडीत. तिकडे जाणं-येणं, पत्र लिहिणं, सगळ्यावर संशय. शेजारचा खबऱ्या आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. मग पडवीत बसूनही माणसं हळू आवाजात बोलणार. या गप्पपणालाच आज शांतता म्हणून मिरवलं जातं. 1954 मध्ये एका मेजवानीत डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी निषेधाचं एक वाक्य उच्चारलं; त्यांना अटक करून थेट पोर्तुगालला धाडलं. अस्नोड्याचा बाळा राया मापारी फेब्रुवारी 1955 मध्ये पोलिसी छळात मेला. तो तर इथल्याच मातीतला.

‘बाहेरच्यांनी चिथावलं’ ही तर जुनीच रड. 15 ऑगस्ट 1955 रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पत्रादेवीच्या सीमेवर पडलेला करनैलसिंग बेनिपाल पंजाबचा होता, खरं आहे. पण तो निःशस्त्र होता आणि गोळी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या शिपायांची होती.

आणि चोऱ्यामाऱ्या न होऊ देणारी ती पोलिसी शिस्त? गोव्यात छळासाठी कुप्रसिद्ध झालेला पोलीस कासिमिरो मोंतेरो पुढे पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत, ‘पीदे’त, गेला. 1965 मध्ये सालाझारविरोधी जनरल देल्गादु यांचा खून झाला, त्यात पोर्तुगालच्याच न्यायालयाने त्याला दोषी धरलं. ज्या पोलिसांच्या धाकात खुद्द पोर्तुगीज जनता 1974 पर्यंत जगली, त्यांची तारीफ आपण का करावी?

माझं मागणं थोडकं आहे. शाळांनी मुलांना पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर न्यावं आणि तिथे काय घडलं ते नीट सांगावं. पेडणे-डिचोलीत तो काळ पाहिलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे जा, त्यांच्या आठवणी लिहून घ्या, आणि हे काम याच वर्षी करा.