नाव हरवलेले पूर्वज

पूर्वज आणि वारसा हा विषय घेऊन केलेली प्रतीकात्मक छायाचित्रे कलादालनात मांडली गेली, की आपल्या समाजात दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग न समजताच वाहवा करतो, दुसरा न पाहताच संतापतो. पाहणे दोघांचेही राहून जाते.

बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासमवेत २००० ते २००४ या काळात साकारलेली दक्षिण भारतीय स्त्रियांची चित्रमालिका या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. रंगविलेल्या पडद्यांपुढे, वेष धारण करून पुष्पमाला स्वतःच उभ्या राहतात. एका चित्रात तर राजा रविवर्मा यांची लक्ष्मी होऊन. देवतेचे सोंग कशासाठी, हा श्रद्धावंताचा प्रश्न उपेक्षणीय नाही. परंतु दशावतारात देवाचे सोंग घेतलेल्या नटाला कोकणातला माणूस हात जोडतोच ना? आणि जिला आपण परंपरेची लक्ष्मी म्हणतो, ती तरी घरोघर कशी पोहोचली? रविवर्मा यांनी १८९४ मध्ये शिळाछापाचा कारखाना काढला, तो आपल्या गिरगावात, जर्मन यंत्रांवर. त्या छापील प्रतींना देव्हाऱ्यात स्थान देऊन परंपरा घडविली ती सामान्य गृहिणीने.

या मालिकेतील सर्वाधिक बोचणारे चित्र मात्र निराळे आहे. मापाच्या चौकटींपुढे नमुन्यासारखी उभी केलेली तोडा जमातीची स्त्री! इंग्रजी अमदानीत माणसांची अशी मोजदाद होत असे. विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यात जातींची, पंथांची वर्णने आहेत. ज्यांचे चेहरे टिपले त्या बहुतेकांची नावे मात्र नाहीत. ते आपलेच पूर्वज होते.

परक्यांनी नावे पुसली याचा संताप यावा, हे योग्यच. पण आपण काय केले? फणसवाडीसारख्या वस्त्यांतील जुन्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होतात, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेतून नऊवारी नेसलेल्या, पगडी घातलेल्या माणसांची छायाचित्रे निघतात. ही कोण, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. श्राद्धात तीन पिढ्यांचा नामोच्चार करावा लागतो. पणजीच्या नावाशी आपण अडखळतो. कुलवृत्तांत छापणाऱ्या समाजाला हे शोभणारे नाही.

प्रदर्शन अवश्य पाहावे, पटले नाही तर निर्भीडपणे तसे म्हणावे. पण घरी परतल्यावर आजोबा-आजींची छायाचित्रे काढून, घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, प्रत्येकामागे नाव, गाव आणि साल लिहावे. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. वारशाचा अभिमान नंतर. आधी त्याची ओळख हवी.