गरोदरपणातले घोरणे तपासा

लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत प्रत्येक श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. अशा उंचीवर गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका अधिक असतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही शहरे जवळपास समुद्रसपाटीला. तरीही झोपेत श्वास वारंवार अडला, तर इथल्या गरोदर स्त्रीच्या रक्तातला प्राणवायूही रात्रभर खालीवर होत राहतो. अमेरिकेतील तीन हजारांहून अधिक पहिलटकरणींच्या २०१७ च्या अभ्यासात झोपेत श्वास अडण्याच्या या विकाराचा संबंध गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि मधुमेहाशी आढळला.

घोरणे, दिवसा येणारी पेंग, सकाळची डोकेदुखी ही या विकाराची लक्षणे असू शकतात; त्यांना ‘दिवस गेलेत, व्हायचेच’ म्हणून सोडून देऊ नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी होते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांनी वजन, रक्तदाबासोबत झोपेचीही चौकशी करावी. संशय आल्यास झोपेच्या तपासणीची सोय पालिकांनी मोफत द्यावी. या विकारावर उपचार आहेत. ते वेळेत मिळणे हा प्रत्येक मातेचा हक्क आहे.