उत्तराला गुण, कृतीला शून्य

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने स्फटिकांवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु परिव्यय लेखांकनात आम्ही हेच शिकतो की, कच्च्या मालाच्या किमतीवरून पक्क्या मालाचे मोल ठरत नाही. मधली प्रक्रिया पाहावी लागते.

काही पदार्थांचे एक टोक तापवून दुसरे थंड ठेवले की वीज निर्माण होते. १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर यानांना अशीच वीज पुरवण्यात आली. कथिल व सेलेनियम यांचे संयुग हा असाच एक उष्माविद्युत पदार्थ. २०१४ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या एकसंध स्फटिकाचा गुणांक ९२३ केल्विनला २.६ असल्याचे दाखवले. असा स्फटिक वाढवताना वितळलेला रस भट्टीच्या तप्त भागाकडून थंड भागाकडे अगदी सावकाश सरकवतात. घाई केली की एकाऐवजी असंख्य कण गोठतात. मराठीत गुऱ्हाळ म्हणा की कन्नडात आलेमने, काहिलीजवळच्या गुळव्याला आचेचे महत्त्व सांगावे लागत नाही!

एकसंध स्फटिक ठिसूळ. म्हणून भुकटी दाबून वड्या केल्या. मूलद्रव्ये तीच, तरी वड्या कित्येक वर्षे मागेच राहिल्या. दोष पदार्थात नव्हता. कणांवर ऑक्साइडचा पातळ थर चढत होता आणि त्यातून उष्णता निसटत होती. कथिल शुद्ध करून व भुकटीवर हायड्रोजनची प्रक्रिया करून हा थर काढल्यावर, २०२१ साली त्याच वड्यांनी ७८३ केल्विनला ३.१ गुणांक दिला. मधल्या काळात, २०१६ साली, मूळ स्फटिकाच्या घनतेवरही शंका घेतली गेली होती. म्हणजे वाद झाला तोही नमुना कसा होता यावरच.

मित्रहो, आपल्याकडे मात्र प्रयोगवहीत पुष्कळदा उत्तर आधी लिहिले जाते आणि निरीक्षणे मागाहून जुळवली जातात, कारण गुण उत्तराला मिळतात. आमच्या शाखेत असा ताळेबंद जुळवला तर त्याला लबाडी म्हणतात. माझे प्राध्यापकांना नम्र सांगणे आहे की, फसलेला प्रयोग ज्याने तापमान, वेळ व चुकांसह प्रामाणिकपणे नोंदवला, त्यालाही गुण द्यावेत. वड्या कमी पडत होत्या हे खरेखुरे लिहून ठेवले गेले, म्हणूनच तो थर कोणीतरी शोधू शकले.