नांगरामागचे अठरा किलोमीटर

दवाखान्यात गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्याला डॉक्टर सांगतात, "आजोबा, रोज अर्धा तास चालत जा." आजोबा हसतात. जन्मभर दुसरे केले काय?

हिशेब करून पाहू. एकरात ४३,५६० चौरस फूट. बैलांच्या नांगराचे तास नऊ इंचांचे धरले, तर एक एकर नांगरताना माणूस ५८,०८० फूट, म्हणजे जवळपास १८ किलोमीटर चालतो, तेही ढेकळांतून. बांधाकडची वळणे वेगळीच. कृषी महाविद्यालयात आम्ही बैलजोडी दिवसाला किती नांगरते ते पाठ केले. जोडीमागचे पाय मोजायला कोणी शिकवले नाही.

तरीही डॉक्टरांचे बरोबर आहे, असे आम्ही हल्ली सभांतून सांगतो आणि बोलणी खातो. बैल गेले, ट्रॅक्टर आला. चांगलेच झाले, त्याचे रडगाणे आम्ही गाणार नाही. पण त्याबरोबर चालणे गेले आणि राहिले ते उकिडवे बसून खुरपणे, वाकून कापूस वेचणे. अंगाला मानवणारे गेले; गुडघे-कंबर खाणारे राहिले, आणि त्यातले बहुतेक मायबहिणींच्या वाट्याला. सुगीत अंग मोडेस्तोवर काम, उन्हाळाभर ओट्यावर बैठक.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगितले. आमच्या म्हाताऱ्याची ती हंगामात एका सकाळीच भरतात. पण त्याच सल्ल्यात दोन दिवस स्नायूंना बळ देणारे आणि तीन दिवस तोल सावरणारे व्यायामही आहेत. ते कोण करतो? ओल्या न्हाणीत पाय घसरतो, खुबा मोडतो. एकदा खाट धरली की आठवड्या-दोन आठवड्यांतच मांड्या झडू लागतात.

घरची माया म्हणते, "आबा, आता तुम्ही नुसते बसा." या मायेशी आमचे भांडण आहे. आबांना बसवू नका. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठायला लावा, भिंत धरून एका पायावर उभे राहू द्या. खुरपणीला जिथे जमेल तिथे उभ्याने ढकलायचे सायकल कोळपे आणा. संडासात बसायचे भांडे लावा. त्यात शहरी चोचला काही नाही. आणि हे सगळे पोराने करायचे आहे, सुनेवर ढकलून मोकळे व्हायचे नाही.

एस.टी.ने २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना राज्यात फुकट प्रवास दिला. तिकीट माफ झाले, साध्या गाडीची पायरी उंच ती उंचच.

पण एस.टी.ला नावे ठेवण्याआधी आमचे सांगतो. मागच्या जिल्हा बैठकीचे सभागृह दुसऱ्या मजल्यावर होते. रस्ता-रोकोत लाठ्या खाल्लेले दोन जुने कार्यकर्ते खाली चहाच्या टपरीवर बसून राहिले. वर आम्ही वृद्ध शेतकऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा ठराव हात उंचावून मंजूर केला. ते दोघे आल्याचे आम्हाला जिना उतरल्यावर कळले.

पुढची बैठक तळमजल्यावर घ्यावी, काही खुर्च्या हातांच्या असाव्यात, असे आम्ही जिल्हाध्यक्षांना लेखी कळवले आहे. उत्तर अजून यायचे आहे.