बैठका आणि गुडघे

वरवे बुद्रुक येथील एका भगिनीनें विचारलें आहे कीं, सोळा वर्षांचा मुलगा रोज पहांटे शंभर बैठका काढतो. महिनाभरांत त्याचे गुडघे पुढच्या बाजूनें दुखूं लागले. आजोबा म्हणतात, सवय होईल. सासूबाई म्हणतात, बंदच कर. आम्हांस दोन्ही सल्ले पटत नाहींत.

गुडघ्याची वाटी ही मांडीच्या पुढील स्नायूच्या कंडरेंत बसविलेली एक कप्पीच होय. पाय वांकतो तसतशी ती मांडीच्या हाडावर दाबली जाते, व हा दाब साधारण काटकोनापर्यंत वाढत जातो. त्यापुढें कंडराही हाडास टेकते, तळाशीं पोटरी मांडीस भिडते, आणि भार वांटला जातो. म्हणजे पूर्ण खालीं बसणें हाच अपराध नव्हे. १९६१ सालीं टेक्सास विद्यापीठाच्या कार्ल क्लाइन यांनीं खोल बैठकांनीं सांध्याचे बंध सैल होतात असें प्रतिपादिलें, आणि पाश्चात्य देशांत त्या पुष्कळ वर्षें निषिद्धवत् झाल्या. पुढील तपासण्यांत त्या मतास पुष्टि मिळाली नाहीं.

आपल्या तालमींतील बैठकींत मात्र टाचा उचलल्या जातात, गुडघे बोटांपुढें जातात, आणि वेगाचें कौतुक असतें. मांड्या भरतात त्या यामुळेंच, व नवशिक्याची वाटी कुरकुरते तीही यामुळेंच. मग गुडघे मुळींच पुढें जाऊं देऊं नयेत काय? २००३ सालीं अमेरिकेंत सात पुरुषांच्या खांद्यांवर त्यांच्याच वजनाइतका भार देऊन, गुडघ्यांपुढें फळी उभी करून हें पाहण्यांत आलें. गुडघ्यावरील जोर सुमारें एकपंचमांशानें घटला, पण खुब्यावरील दहापटींहून अधिक वाढला! एकाचें ओझें दुसऱ्याच्या, आणि पर्यायानें कमरेच्या, माथीं गेलें इतकेंच.

तेव्हां मुलानें आठ-दहा दिवस विसांवा घेऊन वीस बैठकांपासून पुनः आरंभ करावा. टाचा जमिनीस टेकलेल्या असाव्या. कंबर मागें नेत, गुडघा पावलाच्याच दिशेस ठेवून, सावकाश उतरावें. उठतांना गुडघे आंत वळतात तेथें विशेष लक्ष द्यावें. तळाशीं हिसका तर नकोच. खुर्चीवर वाढलेल्या मुलांच्या टाचा टेकत नाहींत. त्यांनीं प्रथम खांबास धरून बसावें. वाटीखालील हाडाचा उंचवटा दुखत असेल, सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल, तर डॉक्टरांस दाखवावें.

एक गोष्ट पत्रांत नव्हती. बेजिंगमधील वृद्धांच्या २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, तरुणपणीं रोज कित्येक तास उकिडवें बसणाऱ्यांत गुडघ्यांची झीज अधिक आढळली. मुलाच्या शंभर बैठका पांच-सात मिनिटांत आटोपतात; भातखाचरांत खुरपणीस बसणाऱ्या बायकांचे तास मात्र कोणी मोजीत नाहीं. ज्यांच्या शेतीवर त्या येतात त्यांनीं बसावयास ठेंगणा पाट द्यावा, व मधून मधून त्यांना उठून चार पावलें टाकूं द्यावीं. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, तेंही पुढील पत्रीं कळवावें.